शेवटच्या दिवसाची घाई



आज बोलूया विधिमंडळातल्या घाईबद्दल. तुम्ही म्हणाल, मुंबई-नागपूरच्या अधिवेशनाचं आपल्याला काय? पण जमीन, पाणी, बाईची सुरक्षा, यांचे कितीतरी कायदे तिथेच होतात.

बचत गटात कर्जाचा विषय आला की आपण विचारतो, कुणाला, कशासाठी, फेड कशी? मग ठराव लिहितो. बाया घरी जायला उठल्यावर कुणी वही पुढे करून "करा पटापट सह्या" म्हटलं, तर आपण करू का? ग्रामसभेचीसुद्धा नोटीस आधी लागते.

विधिमंडळाचीही रीत चांगली आहे. विधेयक मांडायचं, त्यावर चर्चा करायची, एकेक कलम बघायचं, मग मत द्यायचं. दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच. शेवटी राज्यपालांची संमती. पण अधिवेशन संपत आलं की विधेयकांची रांग लागते. कागद हातात पडतो न पडतो तोच मतदान. मग आमदार वाचणार कधी आणि आपल्याला विचारणार कधी?

शक्ती विधेयक आठवा. डिसेंबर 2020 मध्ये अधिवेशन होतं दोनच दिवसांचं. त्यात ते मांडलं. बलात्काराच्या गंभीर गुन्ह्याला फाशीपर्यंत शिक्षा, तपास 15 दिवसांत. ऐकायला बरं वाटतं. पण महिला संघटनांनी विचारलं, आमच्याशी बोललात का? आरोपी घरातलाच असेल तर फाशीच्या भीतीने बाईची तक्रारच दाबली जाईल, त्याचं काय? विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. वर्षभराने, डिसेंबर 2021 मध्ये, दुरुस्त्या होऊन ते संमत झालं. तपासाची मुदत 30 दिवस झाली. पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते लागू झालं नाही. पण बायकांचे प्रश्न विचारात घ्यायला वेळ मिळाला, तो समितीमुळे.

जनसुरक्षा विधेयकही जुलै 2024 मध्ये अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी आलं. तेव्हा ते संमत झालं नाही. डिसेंबरात पुन्हा आलं, समितीकडे गेलं आणि लोकांच्या बारा हजारांवर सूचना आल्या. काही बदल होऊन जुलै 2025 मध्ये ते संमत झालं. ते बरं की वाईट, यावर मतं वेगळी आहेत, तुमच्यातही असतील. पण लोकांना बोलायला मिळालं.

सरकार म्हणतं, काम तातडीचं आहे. कधी असतंही. पण तातडीचं काम पहिल्या दिवशी का येत नाही?

आपण काय करू शकतो? अधिवेशनाआधी ग्रामसंघात ठराव घेऊ आणि आमदारांना देऊ: मोठं विधेयक आधी लोकांना मराठीत वाचायला द्या, घाई असेल तर समितीकडे पाठवा. समितीने सूचना मागवल्या की साध्या कागदावर आपल्या भाषेत लिहू. अधिवेशन संपल्यावर आमदारांना विचारू, कोणती विधेयकं झाली, तुम्ही त्यावर काय बोललात?

हे विचारताना पक्ष बघायचा नाही. सत्तेवर कुणीही असो, घाई सगळेच करतात. गटात दहा रुपयांचा हिशेब विचारणाऱ्या आपण कायद्याचाही हिशेब विचारू.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. काय ठरलं ते आम्हाला कळवा. नमस्कार!