नोंद जुळली, पण पाने शाबूत आहेत काय?



आपल्या वाचनालयांत ठरावीक काळाने ग्रंथपडताळणी होते, हे आपण जाणताच. दाखलनोंदवही हाती घ्यावयाची आणि नोंदीप्रमाणे पुस्तक कपाटात आहे की नाही ते पाहावयाचे. आजचा आमचा विषय संगणकाच्या तबकडीवरील अशाच पडताळणीचा आहे.

तबकडीवर आपली माहिती लहान लहान खणांत विखुरलेली असते. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे, कोणते खण रिकामे आहेत, याची नोंदवही संगणक स्वतःच राखतो. या व्यवस्थेस फाइल सिस्टीम म्हणतात. लिहिणे चालू असता वीज गेली की घोटाळा होतो. पुस्तक कपाटात गेले, पण नोंद राहिली. किंवा एकच खण दोन फाइलींच्या नावे चढला. अशा वेळी युनिक्स घराण्यातील संगणकांवर 'एफएससीके' आणि विंडोजवर 'चेकडिस्क' हे कार्यक्रम नोंदी परस्परांशी ताडून पाहतात व मेळ घालतात. पुढे 'जर्नल'ची युक्ती निघाली. करावयाचा बदल आधी रोजकीर्दीसारखा टिपून ठेवला, म्हणजे वीज गेल्यावर सारी तबकडी तपासण्याची पाळी सहसा येत नाही.

परंतु नोंदवही जुळली म्हणजे पुस्तके शाबूत आहेत असे नव्हे. पुस्तक जागेवर आहे, पण आतली पाने वाळवीने खाल्ली असली तर? हे कार्यक्रम पुस्तक उघडून वाचीत नाहीत.

आमचाच अनुभव सांगतो. आमच्या वडिलांची पत्रे आम्ही स्कॅन करून ठेविली होती. तबकड्या दोन, दर दिवाळीला आळीपाळीने एक पुसून तिच्यावर नवी प्रत घेत असू. एके वर्षी एक पत्र उघडले, तो अर्धे पान राखाडी! दुसरी तबकडी काढली, तेथेही तेच. बिघडलेलीच प्रत आम्ही मोठ्या निष्ठेने उतरवीत आलो होतो. मूळ कागद तोवर पावसाळ्याने नेले होते.

यावर उपाय काय? आपले पोथ्या लिहिणारे अखेरीस ग्रंथसंख्या नोंदवीत. 32 अक्षरांचा एक ग्रंथ. मजकूर गळला तर संख्येवरून कळे. मात्र अक्षर गळण्याऐवजी बदलले, तर संख्या गप्प बसे. संगणकाची 'चेकसम' याहून जागरूक आहे. तिच्या 'शा-256' या प्रकारात एक अक्षर बदलले तरी सारा आकडा पालटतो. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी तर 1950 साली, चूक नुसती ओळखणारीच नव्हे तर सुधारणारीही संकेतपद्धती प्रसिद्ध केली.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने 2005 साली खुल्या केलेल्या 'झेडएफएस' या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक खणाची चेकसम त्या खणापासून वेगळी नोंदलेली असते. 'स्क्रब' हा हुकूम दिला की वापरातला प्रत्येक खण वाचला जातो, आकडा ताडला जातो, आणि न जुळल्यास दुसऱ्या शाबूत प्रतीवरून दुरुस्ती होते. दुसरी प्रतच नसेल, तर चूक कळते. भरून निघत नाही.

तेव्हा घरगुती पथ्ये तीन. महत्त्वाच्या फाइलींच्या चेकसमची यादी वेगळी ठेवावी आणि नवी प्रत घेण्यापूर्वी ती ताडून पाहावी. ताडल्यावाचून जुनी प्रत पुसू नये. आणि तबकडी कुरकुरू लागली तर आधी तिच्यावरील माहिती अन्यत्र उतरवावी, मगच दुरुस्तीचा कार्यक्रम चालवावा. कारण दुरुस्ती त्याच तबकडीवर लिहिते, आणि तिच्या हातून उरलेसुरलेही जाऊ शकते.

आमची पत्रे गेली. आपली जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा प्रपंच.