घडणावळीचा हिशेब

(बाभुळगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘आर्मेनियाची हस्तकला’. त्या देशाबद्दल मी बोलणारच आहे, पण जास्त वेळ आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर थांबणार आहे. दागिना मोडीत काढायला आपण सराफाकडे जातो तेव्हा चांदी तोलली जाते आणि भाव मिळतो तो धातूचा. घडवताना मोजलेली घडणावळ गेली ती गेलीच. तांड्यातल्या बायांच्या अंगावरची चांदी वर्षानुवर्षं अशीच वितळत आली. कधी पेरणीसाठी, कधी लेकीच्या लग्नासाठी, कधी दवाखान्यासाठी. त्या बाईला मी दोष देणार नाही. चांदी अडीनडीला मोडता यावी म्हणूनच अंगावर होती. मात्र घडणावळीचं काय झालं, हे विचारणारं कुणी नव्हतं.

विवाहितेच्या केसांत दोन्ही कानशिलांवर टोपली असते, घुमटाच्या आकाराची, आणि तिच्याखाली घुगऱ्यांचा झुबका लोंबतो. गळ्यात हांसली, दंडावर पांढऱ्या बलियांची, म्हणजे बांगड्यांची, चळत. नवरा गेला की घुगरी उतरते. म्हणजे या दागिन्यात नटण्यापलीकडे बाईच्या आयुष्याची नोंद असते. गळ्यातल्या माळांत इंग्रजी अमलातले राणीच्या नि राजाच्या मुखवट्याचे रुपये ओवलेले दिसतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या समाजाला कुठली पेढी आणि कुठली तिजोरी? कमाई अंगावरच ठेवावी लागे.

मग रेल्वे आली आणि ही बैलांवरची मालवाहतूक, म्हणजे लदेणी, बसली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींना एकेक करून संशयाच्या यादीत घातलं, आणि बंजाऱ्यांच्या वाट्यालाही ते अनेक ठिकाणी आलं. तो कायदा रद्द होऊन या जमाती मुक्त झाल्या १९५२ साली. तांडे स्थिरावले, शेती आणि मजुरी आली. गहुलीच्या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. समाज शिकला, पुढे आला. पण बाजारात फेटिया-कांचळीतल्या, म्हणजे घागरा-चोळीतल्या, बाईकडे माणसं वळून वळून बघत, पोरं शाळेत चिडवत, आणि पुढच्या पिढीने साडी नेसली. ती का नेसली, हे मला पुरतं कळतं. आज त्या वेशाचं कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनी तेव्हाच्या नजरा विसरू नयेत.

आता कांचळीचा एक आरसा जवळून पाहा. भिंगाच्या तुकड्याला भोक नसतं. आधी त्याच्यावरून दोरे उभे-आडवे टाकून तो कापडावर जखडायचा, मग त्या दोऱ्यांत सुई अडकवत कडेने गोल फिरायचं. प्रत्येक फेऱ्यात दोरा ताणला जातो आणि भिंगाभोवती घट्ट कडं तयार होतं. ताण कमी पडला तर भिंग निसटतं, जास्त झाला तर कापड चुरगळतं. हा अंदाज पुस्तकात सापडत नाही. आई शिवत असताना शेजारी बसलेल्या मुलीच्या बोटांत तो उतरतो. कवड्या, लोकरी गोंडे, चिंध्यांचे तुकडे जोडून केलेली किनार, हे सगळं पुन्हा वेगळं.

आर्मेनियाकडे यायचं ते याच बोटांसाठी. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा संहार झाला. उरलेल्या बाया आणि अनाथ मुली हलब (अलेप्पो), बैरूतकडे पोचल्या. घरदार गेलं होतं, सुई हातात होती. मराशचं भरतकाम, ऐंताबचं दोरे काढून केलेलं जाळीकाम, नुसत्या सुईने गाठी मारत विणलेली लेस, हे सगळं त्यांनी गावांच्या नावांसकट जपलं. गाव नकाशावर दुसऱ्याचं झालं, टाका मात्र गावाच्याच नावाने ओळखला जातो. लेबनॉनमधल्या गझीर इथल्या अनाथ मुलींनी विणलेला गालिचा १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट गेला. त्यात चाळीस लाखांहून अधिक गाठी आहेत. आज आर्मेनियातल्या येरेव्हानच्या व्हर्निसाज बाजारात डाळिंबाच्या आकाराची चांदीची पदकं मिळतात, आणि इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी घडवलेल्या लिपीची अक्षरं उमटवलेले रुमाल नि स्कार्फही. वस्तू नवी आहे, पण ती कुणाची, हे विकणाराही सांगतो आणि घेणाराही विचारतो.

आपल्याकडे उलटं चाललं आहे. जुना फेटिया, जुनी कांचळी फेरीवाला भांड्यांच्या बदल्यात नेतो, पुढे कुणीतरी ती कापून पिशव्या, उशांचे अभ्रे करतं, आणि शहरातल्या दुकानात त्यावर ‘ट्रायबल’ एवढीच चिठ्ठी लागते. बाईचं नाव नाही, तांडा नाही. मला याची चीड येते. आजीने जन्मभर नेसलेलं वस्त्र कातरून त्याचं पाकीट करण्यात कसलं जतन? नव्या पिशवीला माझा विरोध नाही. ती नव्या कापडावर, तांड्यातल्या बाईने, तिच्या दराने भरावी. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी बायांनी हेच केलं. त्यांच्या भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. टाका तोच, समाज तोच. आपल्या जिल्ह्यात हे जमू नये असं कारण मला दिसत नाही. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं, त्याचा मला आनंद आहे. पण काचेमागची कांचळी शिवायला शिकवत नाही. शिकवणारी याडी, म्हणजे आई, आज सत्तरीपुढे आहे.

म्हणून बचत गटांच्या ताईंना माझी विनंती आहे. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावा: करणारीचं नाव, तांड्याचं नाव, टाक्याचं गोरबोलीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं, नाव आणि लागलेले दिवस. किंमत दोन ओळींत लिहा. एका ओळीत कापड, दोरा, आरसे. दुसऱ्या ओळीत घडणावळ. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं, तर पहिल्या ओळीवर करू द्या.