काचेचा जोडा, चामड्याचा जोडा

आपल्या पेण-रोह्याकडे पाऊस धरला की चामड्याची वहाण माळ्यावर जाते. आवणीच्या दिवसांत तर रबरी चप्पलसुद्धा बांधावर काढून ठेवायची; चिखलात पाय मोकळाच बरा. म्हणून जोड्यांचा शौक ही शहराकडची चैन, असं आपण म्हणतो. पण शाळेच्या ओटीवर नवी चप्पल काढून वर्गात बसलेलं पोर बघा. फळ्यापेक्षा त्याचं लक्ष दाराकडे अधिक! ही आवड सगळ्यांनाच असते.

या आवडीची जगभर गाजलेली गोष्ट म्हणजे सिंड्रेलाची. शिक्षक मंडळी ती वर्गात सांगतातच. सावत्र आईच्या घरी राबणारी मुलगी परीच्या कृपेने राजवाड्यात जाते, बाराचे ठोके पडताच पळते, एक जोडा मागे राहतो आणि त्यावरून राजपुत्र तिला शोधून काढतो. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ही गोष्ट छापली. त्याच्या गोष्टीत जोडा काचेचा आहे. चीनमधल्या त्याहून जुन्या गोष्टीत तो सोन्याचा आहे.

आता मुलांना एक कोडं घाला. बारा वाजले, रथाचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, भरजरी पोशाखाची लक्तरं झाली. मग जोडा तेवढा कसा राहिला? पेरोची गोष्ट बारकाईने वाचली तर उत्तर मिळतं. बाकीचं सारं कशाचं तरी रूप पालटून केलेलं होतं. जोडे मात्र परीने तिला निराळे दिले होते. ते कशाचं सोंग नव्हते, म्हणून टिकले, असं म्हणायला हरकत नाही.

या गोष्टीवर २०१५ साली केनेथ ब्रॅना यांनी एक देखणा चित्रपट काढला. त्यासाठी स्वारोवस्की कंपनीने स्फटिकाचे जोडे घडवले. डोळे दिपावेत असे. पण ते पायात घालून चालता येण्यासारखे नव्हते. मग नायिका लिली जेम्स हिने चामड्याचे जोडे घातले आणि पडद्यावर संगणकाच्या करामतीने त्यांची काच केली. गंमत आहे की नाही? परीकथेतली राजकन्यासुद्धा अखेर चामड्यावरच उभी राहिली.

इथेच मला खरी गोष्ट सांगायची आहे. राजपुत्राने जोडा कोणाच्या पायात बसतो ते घरोघर पाहिलं. आपणही रोज जोडा घालतो. पण तो केला कोणी, हे आपण विचारतो का?

कोल्हापुरी चप्पल घ्या. बाभळीची साल आणि हिरडा यांत चामडं कमवायचं, रापीने कापायचं, आरीने भोक पाडायचं आणि खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने शिवायचं, अशी तिची जुनी रीत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलान शहरी प्राडा कंपनीने तशाच धाटणीच्या चपला मिरवल्या, त्या वेळी कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. गवगवा झाल्यावर, प्रेरणा कोल्हापुरीचीच, असं कंपनीने कबूल केलं. आपल्याला राग आला, तो योग्यच होता.

पण मंडळी, तोच राग घराकडे वळवून बघा. ज्यांनी गावाला वहाणा दिल्या, त्यांनाच गावाने वेशीकडेला बसवलं. कित्येक गावांत दलितांना वाड्यासमोरून जाताना पायातली चप्पल हातात घ्यावी लागे. जोडा आवडला, जोडा करणारा हात मात्र शिवून घेतला नाही. नाव न घेण्याचा दोष एकट्या मिलानचा नाही.

पेणच्या मंडळींना हे सांगायला नकोच. मातीने भरलेल्या हातांतून तुमच्याकडे गणपती घडतो आणि दूरदेशी जातो. त्या हातांना आपण कलावंताचे हात म्हणतो. मग रापी धरणारा हात कमी का? डोळ्याचा अंदाज तोच, बोटांचा सराव तोच, वर्षानुवर्षांची मेहनतही तीच.

म्हणून शिक्षक मित्रांना एक विनंती. सिंड्रेलाची गोष्ट सांगून झाली की दुसऱ्या दिवशी मुलांना एस. टी. स्टँडजवळच्या गटई कामगाराकडे घेऊन जा. त्यांना काका म्हणून हाक मारायला लावा. वादी कशी ओवतात, टाच कशी बसवतात, ते त्यांनाच शिकवू द्या; त्या तासापुरते तेच गुरुजी. वर्गात त्यांच्या घरचं एखादं मूल असेल, तर त्या दिवशी त्याची मान ताठ होईल. आणि कुणी अनवाणी येत असेल, तर त्याच्या पायांकडे बोट दाखवून हसायचं नाही, हेही त्याच तासाला सांगून टाका.

घरच्यांनी एवढंच करावं. चपलेचा अंगठा तुटला की ती फेकण्याआधी एकदा शिवायला द्यावी, आणि पैसे देताना जमिनीवर न टाकता हातात द्यावेत.