परदेशांतील कायम वास्तव्य

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागांतील कवठे महांकाळ, आटपाडी, खानापूर ह्या तालुक्यांना अवर्षण नवें नाहीं. पावसानें पाठ फिरविली कीं घरांतल्या कर्त्या तरुणानें बाहेर पडावयाचें, ही येथील जुनी रीत. सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारे येथील लोक देशाच्या कानाकोपऱ्यांतील शहरांत दुकानें थाटून बसले, ते ह्याच रीतीनें. मुलूख अनोळखी, भाषा अनोळखी. परंतु तेथें राहण्यासाठीं त्यांना कोणाकडे अर्ज करावा लागला नाहीं. देशांत कोठेंही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क भारतीय नागरिकाला राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें दिलेला आहे.

समुद्रापलीकडे मात्र हा हक्क संपतो. ह्याच भागांतील शिकलेला मुलगा टोरांटोला किंवा म्यूनिकला नोकरीस गेला म्हणजे तेथें तो परका ठरतो आणि त्याचें राहणें तेथील सरकारच्या मर्जीवर अवलंबून असतें. ह्या मर्जीचा हक्क कसा होतो, आणि तो होत असतां घरचें काय राहतें व काय सुटतें, हें मुलाइतकेंच त्याच्या आईबापांनींही जाणून घेण्याजोगें आहे.

परक्या देशांतील वास्तव्याच्या ढोबळमानानें तीन पायऱ्या आहेत. पहिली मुदतीच्या व्हिसाची. शिक्षण किंवा नोकरी, ज्या कारणासाठीं व्हिसा मिळाला, तें कारण संपलें कीं मुक्कामही संपला. दुसरी पायरी कायम वास्तव्याची. येथें नोकरी बदलली वा गेली तरी माणसाला बाहेर पडावें लागत नाहीं. मात्र मतदानाचा हक्क बहुधा नसतो, आणि पासपोर्ट आपल्याच देशाचा राहतो. तिसरी पायरी नागरिकत्वाची. दुसऱ्या व तिसऱ्या पायरींतील हा भेद पुष्कळ घरांतून लक्षांत घेतला जात नाहीं, आणि घोटाळा होतो तो तेथेंच.

हीं दारें नेहमींच उघडीं नव्हतीं. पंजाबांतील भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत होते. तरीहि १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानें गोरा नसल्यामुळें त्याला अमेरिकेचें नागरिक होतां येणार नाहीं. १९४६ च्या कायद्यानें हा मज्जाव उठला. परंतु हिंदुस्थानच्या वांट्याला वर्षाकाठीं अवघ्या १०० माणसांचा प्रवेश आला. १९६५ सालीं हे जुने देशवार वांटे रद्द झाले, आणि त्यानंतरच भारतीय डॉक्टर, इंजिनिअर व शास्त्रज्ञ तेथें मोठ्या संख्येनें जाऊं लागले.

आज निरनिराळ्या देशांची कसोटी निरनिराळी आहे. कॅनडा गुण मोजतो. २०१५ सालीं तेथें सुरू झालेल्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतींत वय, शिक्षण, कामाचा अनुभव आणि इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेचें ज्ञान ह्यांना गुण असतात. एकूण तक्ता १,२०० गुणांचा असून वरच्या गुणांच्या उमेदवारांस अर्जासाठीं बोलावणें येतें. वयाचे सर्वांत अधिक गुण विशींतल्यांना मिळतात, म्हणून तेथें उशीर महाग पडतो. जर्मनी नोकरी आणि भाषा पाहते. तेथें ब्लू कार्डावर असलेल्या कुशल नोकरदारास २७ महिन्यांनीं कायम वास्तव्य मागतां येतें. जर्मन भाषा मध्यम पायरीपर्यंत आली असेल तर २१ महिन्यांनींच. म्हणजे भाषेच्या अभ्यासानें सहा महिने वांचतात.

अमेरिकेंत मुख्य मार्ग दोन: जवळच्या नात्याचा आणि नोकरीचा. नोकरीच्या मार्गानें वर्षाला सुमारें १,४०,००० ग्रीन कार्डें मिळतात, आणि त्यांत अर्जदाराची बायकामुलेंहि मोजलीं जातात. शिवाय कोणत्याहि एका देशांत जन्मलेल्यांना साधारणपणें ७ टक्क्यांहून अधिक वांटा मिळत नाहीं. येथें देश पाहिला जातो तो जन्माचा, पासपोर्टाचा नव्हे. भारतांत जन्मलेले उमेदवार फार, म्हणून त्यांची रांगहि अनेक वर्षांची. ह्या रांगेंत बापाबरोबर उभें असलेलें मूल कायद्याच्या हिशेबानें २१ वर्षांचें झालें कीं बापाच्या अर्जांतून गळतें, आणि त्याला स्वतःची वाट नव्यानें शोधावी लागते.

परवाना मिळाला म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. 'कायम' हा शब्द येथें सशर्त आहे. कॅनडांतील कायम रहिवाशानें पांच वर्षांत निदान ७३० दिवस तेथें काढावे लागतात. ग्रीन कार्डधारक पूर्वपरवानगी न घेतां वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला तर त्यानें वास्तव्य सोडलें असें मानलें जाऊं शकतें. वडील अंथरुणास खिळले म्हणून मुलगा गांवीं आला आणि महिन्यांमागून महिने राहिला, तर त्या सेवेचा हिशेब कायद्याच्या वहींत गैरहजेरी म्हणूनच पडतो. निघण्यापूर्वीं परतीचा परवाना मागून ठेवणें हा त्यावरचा उपाय आहे. परंतु तो ठाऊक असावा लागतो.

आतां तिसऱ्या पायरीविषयीं. अमेरिकेंत ग्रीन कार्डधारकाला पत्नीसाठीं व अविवाहित मुलांसाठीं अर्ज करतां येतो. आईबापांसाठीं येत नाहीं. तो अधिकार २१ वर्षें पूर्ण झालेल्या नागरिकालाच आहे, आणि नागरिकत्व सामान्यतः ग्रीन कार्डानंतर पांच वर्षांनीं मागतां येतें. भारत तर दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणें परक्या देशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेतलें कीं भारताचें आपोआप संपतें, आणि पासपोर्ट परत करावा लागतो. म्हणजे आईबापांना कायमचें जवळ आणावयाचें तर मुलानें आईबापांच्या देशाचें नागरिकत्व सोडावयाचें, असा हा पेंच आहे.

ह्या पेंचांत घरोघरीं पहिला प्रश्न निघतो तो जमिनीचा. म्हैसाळच्या पाण्यावर द्राक्षांचा बाग उभा केलेल्या बापाला वाटतें कीं, मुलगा परका झाला म्हणजे सातबाऱ्यावरून त्याचें नांव जाणार. ही भीति निराधार आहे. भारतांत राहणाऱ्या आईबापांची शेतजमीन वारसाहक्कानें त्याला मिळूं शकते. मग तो परदेशस्थ भारतीय नागरिक असो, वा परक्या देशाचें नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेला असो. बंदी आहे ती नवी शेतजमीन विकत घेण्यावर, आणि ती ह्या दोघांनाहि सारखीच आहे. वारशाची जमीन विकावयाची झाल्यास ती भारतांत राहणाऱ्यालाच विकतां येते, आणि महाराष्ट्रांत घेणारा सामान्यतः शेतकरीच असावा लागतो.

खरोखर जातें तें दुसरेंच. ओसीआय कार्डावर आयुष्यभर येतां-जातां येतें, राहतां येतें; परंतु मत देतां येत नाहीं व निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं. उलट, परदेशांत कायम वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला २०१० च्या दुरुस्तीपासून गांवच्या मतदारयादींत नांव घालतां येतें. मतदानाला मात्र त्यानें स्वतः हजर व्हावें लागतें.

परके लोक आपल्या मुलांना फार अडवितात असें म्हणण्यापूर्वीं आपल्या देशाचा नियमहि पाहावा. सामान्य परकीयास भारतांत कायम वास्तव्याचा वेगळा परवानाच नाहीं. २०१६ सालीं मंजूर झालेली योजना निदान दहा कोटी रुपये गुंतविणारांसाठीं आहे. अधिवासाच्या जोरावर नागरिक व्हावयाचें तर अर्जापूर्वींचे सलग बारा महिने आणि त्यामागील चौदा वर्षांपैकीं अकरा वर्षें येथें काढावीं लागतात. शिवाय राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील एका भाषेचें पुरेसें ज्ञान असावें लागतें. अर्थात् मराठी येत असली तरी चालते. प्रत्येक देश नव्या माणसाकडून आपुलकीचा पुरावा मागतो, आणि तो दिवसांच्या व अक्षरांच्या हिशेबानें मागतो.

म्हणून मुलाला निरोप देतांना घरानें दोन कामें करून ठेवावीं. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, विवाहाची नोंद आणि पासपोर्ट ह्यांवरील नांवें व तारखा अक्षरशः जुळवून घ्याव्या. आणि प्रत्येक जाण्यायेण्याची तारीख एका वहींत मुलानें लिहीत जावें. त्याहून मोठें काम बोलण्याचें आहे. कायम वास्तव्यावर थांबावयाचें कीं नागरिकत्वापर्यंत जावयाचें, आणि उतारवयांत आईबापांनीं तिकडे जावयाचें कीं मुलानें इकडे यावयाचें, हें अर्जावर सही होण्यापूर्वीं घरांत सर्वांनीं बसून ठरवावें. सही झाल्यानंतर ठरविण्यासारखें फारसें उरत नाहीं.