पुंगळीच्या बुडावरचीं अक्षरें

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूरचा किल्ला एलिचपूरचा नवाब इस्माईलखान यानें इ.स. १७५७ मध्यें पुरा केला. त्या काळच्या शिपायाजवळ दारू वेगळी, गोळी वेगळी आणि पेटता तोडा वेगळा असे. दारू ओली झाली तर तें त्याच्या बोटांना कळे. एकोणिसाव्या शतकांत दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी हीं तिन्ही एका पितळी पुंगळींत बंद झालीं, आणि आंतला माल धड आहे कीं बिघडला आहे, हें बाहेरून ताडण्याचा प्रश्न तेव्हांपासून उभा राहिला.

वऱ्हाडांत हा प्रश्न बहुधा अडगळीच्या खोलींत भेटतो. लष्करांतून निवृत्त झालेल्या आजोबांची पत्र्याची पेटी उघडतांना किंवा जुना वाडा उतरवितांना पांच-दहा काडतुसें हातीं लागतात. रानडुकरांनीं ज्याचें पीक उकरून टाकलें आहे, अशा शेतकऱ्याच्या मनांत साहजिकच येतें कीं, हीं आपल्या बंदुकींत चालतील काय? या प्रश्नाचें निम्में उत्तर काडतुसाच्या बुडावर ठोकलेलें असतें.

दुसऱ्या महायुद्धांतील .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला कांठ असतो. त्या बुडावर कारखान्याचीं इंग्रजी अक्षरें, सालाचे आंकडे आणि नमुन्याची खूण असते. 'के एफ' हीं अक्षरें पुण्याजवळील खडकीच्या कारखान्याचीं. तो १८६९ पासूनचा. रोमन सात हा आंकडा १९१० सालीं आलेल्या नमुन्याचा. त्याची गोळी १७४ ग्रेन, म्हणजे सुमारें सव्वाअकरा ग्रॅम वजनाची. सोबत 'झेड' असेल तर आंत नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. नसेल तर बहुधा कॉर्डाइट, जें शेवयांसारख्या लांब काड्यांचें असतें. टोपीभोवतीं रंगाचें कडें असतें. जांभळें कडें साध्या गोळीचें, तांबडें उजेडाची रेघ सोडीत जाणाऱ्या गोळीचें, हिरवें पोलाद भेदणारीचें आणि निळें आग लावणारीचें. ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाला मात्र बाहेरचा कांठ नसून बुडालगत खोबण असते. त्यावर 'ओ एफ व्ही' दिसल्यास तें भुसावळजवळील वरणगांवच्या कारखान्यांतलें. हा कारखाना १९६४ चा.

नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर भिस्त ठेवण्यांत मोठा धोका आहे. .३०३ इंच म्हणजे ७.७० मिलिमीटर, आणि ईशापूरच्या कारखान्याची परवान्यावर मिळणारी रायफल .३१५ इंचांची, म्हणजे ८ मिलिमीटरची. फरक अवघा तीन कागदांच्या जाडीएवढा. अंदाज चुकला तर नळी किंवा पुंगळी फुटून जखम होते ती बंदूक धरणाऱ्यालाच. शेतकऱ्याची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक तर निराळ्याच जातीची. तिच्या नळींत लष्करी काडतुसाला स्थानच नाहीं. कायद्याचा कौलही असाच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची सोय आहे, परंतु.३०३ व ७.६२ बोअरच्या लष्करी रायफली सामान्य परवान्याच्या वर्गांतून वगळलेल्या आहेत. परवान्याविना एखादें जिवंत काडतूस जाणूनबुजून बाळगणें हाही गुन्हाच होय.

उरलेलें निम्में उत्तर बुडावर सांपडत नाहीं. तें काडतूस कोठें ठेवलें होतें, यावर अवलंबून असतें. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतल्या फौजा पावसाळ्यांत काडतुसें तबेल्यांत ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावें, तों कित्येक पुंगळ्यांना तडे गेलेले! याचें कारण १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनीं मांडलें. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढून घडवितांना त्यांत राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले कीं धातु तडकतो. पुंगळीची मान तापवून मऊ केली म्हणजे हा ताण निघून जातो. पुष्कळ लष्करी काडतुसांच्या मानेवर जी निळसर झाक दिसते ती या तापविण्याचीच. वऱ्हाडी वाड्यांत तबेला नसला तरी गोठा असतोच, आणि गोठ्यांतला अमोनिया घोड्याबैलांत भेद करीत नाहीं.

वऱ्हाडचें ऊन ही दुसरी बाब. अकोल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर याहूनही अधिक. अशा उष्णतेंत वर्षें काढलेली दारू हळूहळू विघटित होते, आम्लधुरी सोडते, पितळावर हिरवट डाग येतात. त्यानंतर बार केव्हां उडेल आणि किती जोरानें उडेल, याचा भरंवसा उरत नाहीं.

अमेरिकेसारख्या देशांत जुनीं लष्करी काडतुसें बाजारांत मिळतात. तेथें जाणता नेमबाज तडा गेलेलें, हिरवें पडलेलें किंवा सैल गोळीचें काडतूस बाजूला काढतो. चाप ओढूनही बार उडाला नाहीं, तर नळी निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबतो, कारण उशिरानें उडणारे बार असतात. आवाज दबका आला तर गोळी नळींत अडकली नाहीं ना, हें पाहिल्याखेरीज दुसरें काडतूस भरीत नाहीं. जुन्या टोपींतील पोटॅशियम क्लोरेट जळून क्षार मागें राहतो. श्रावणांत मीठ ओलावतें तसा तो हवेंतली ओल धरतो आणि नळी गंजते. हा क्षार तेलांत विरघळत नाहीं. म्हणून नळी आधीं कढत पाण्यानें धुवावी लागते, आणि पुरी कोरडी झाल्यावर तेल द्यावें लागतें.

बाळापूरच्या घरीं मात्र यांतलें कांहींच करावयाचें नसतें. काडतूस कानसूं नये, चिमट्यानें उघडूं नये, भंगारांत देऊं नये. चुलींत टाकल्यास गोळी फार दूर जात नाहीं, पण पुंगळी फुटून तिच्या पितळाचे तुकडे डोळा घेऊं शकतात. तोफेचा गोळा असेल तर त्याला बोटही लावूं नये. २० नोव्हेंबर २०१८ रोजीं वर्धा जिल्ह्यांत पुलगांवच्या दारूगोळा भांडाराच्या क्षेत्रांत जुना दारूगोळा नष्ट करण्याचें काम चालू असतां स्फोट झाला आणि सहा जण मृत्यु पावले. हें ज्यांचें रोजचें काम, तेथेंही असें घडलें. वस्तु आहे तेथेंच ठेवावी, मुलांना दूर करावें आणि पोलीस ठाण्याला कळवावें. कळवितांना संख्या, बुडावरचीं अक्षरें दुरून वाचतां आलीं असल्यास तीं, आणि पेटी गोठ्यालगत होती कीं माळ्यावर व किती वर्षें, हेंही सांगावें. नष्ट करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.