अंगाला घट्ट, श्वासाला मोकळा

दिवाळी झाली, की रेणापूर-लातूरकडून गाड्या भरून माणसं कोकणात निघतात. सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरतात आणि मालवण गाठतात. सिंधुदुर्ग किल्ला पाहून होतो न होतो, तोच घरातली पोरं एकच धोशा लावतात: स्कूबा डायव्हिंग करायचं. मग पाठीवर हवेची टाकी येते, डोळ्यांवर मास्क येतो, तोंडानं श्वास कसा घ्यायचा याची तालीम होते. या सगळ्याकडे माणूस जिवाचे कान करून लक्ष देतो. पण त्याआधी त्याच्या हातात एक काळा, जाड, रबरासारखा लागणारा सूट ठेवलेला असतो. तो मात्र जो मिळेल तो, जसा चढेल तसा घातला जातो. या सुटाला वेटसूट म्हणतात. तो अंगाला किती घट्ट बसावा, एवढ्याच विषयावर आज बोलणार आहे. हौस वाढली आणि स्वतःचा नवा सूट घ्यायची वेळ आली, तर तिथंही हे उपयोगी पडेल.

आपल्याकडचं पोहणं विहिरीतलं. पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून शिकलेलं. ज्यांनी पौष-माघात विहिरीत उडी घेतली असेल, त्यांनी एक गोष्ट आठवून बघावी. कपारीला धरून न हलता थांबलं, की जरा वेळानं थंडी थोडी मवाळ होते. अंगालगतचं पाणी अंगाच्याच उबेनं कोमट झालेलं असतं. तेवढ्यात शेजारी कुणी सूर मारला, पाणी ढवळलं, की पुन्हा हुडहुडी. विहिरीचं पाणी तेच असतं, पण अंगाजवळचं कोमट पाणी निघून गेलेलं असतं आणि त्याच्या जागी नवं गार पाणी आलेलं असतं. वेटसुटाच्या घट्टपणाचा सगळा हिशेब यात आहे.

पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं. म्हणून मालवणच्या समुद्रासारख्या उबदार पाण्यातही, जिथं हंगामात तापमान साधारण २६ ते ३० अंशांच्या दरम्यान असतं, अर्ध्या-पाऊण तासात माणूस गारठू लागतो. तेवढ्याच तापमानाच्या हवेत आपण बनियनवर बसतो. पाण्याखाली हातपाय फार न मारता संथ राहावं लागतं, त्यामुळे अंगात नवी ऊबही फारशी तयार होत नाही.

पूर्वी पाणबुडे अंग कोरडं ठेवायच्या मागे असत. रबरी पोशाख घालायचा, मनगटं आणि गळा आवळायचा, आत लोकरीचे कपडे. रबर कुठं फाटलं, की सगळा खटाटोप पाण्यात. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी वेगळा विचार केला. त्यांचं म्हणणं असं, की अंग ओलं झालं तर होऊ द्या. पोशाखाच्या जाडीतच वायूचे बुडबुडे कोंडलेले असले, तर ऊब तेच धरून ठेवतील. त्यासाठी कापड हाताशी होतं. ड्यूपाँ कंपनीनं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निओप्रीन हे कृत्रिम रबर बाजारात आणलं होतं. त्याचा फेस करून पत्रा पाडला, की त्यात असंख्य बारीक बुडबुडे बंद होऊन बसतात. आपल्या आजीची वाकळ ज्या कारणानं उबदार, त्याच कारणानं हाही उबदार: पदरांमध्ये अडकलेली हवा.

आता घट्टपणाकडे येऊ. अंग आणि सूट यांच्यामध्ये पाणी शिरणारच. ते थोडं असावं आणि शिरलेलं तिथंच थांबावं, एवढं काम मापाचं. सूट सैल असेल, तर प्रत्येक हालचालीला गळ्यातून गार पाणी आत येतं आणि मनगटा-घोट्यातून कोमट बाहेर जातं. अंग आतल्या आत नवनवं पाणी तापवत बसतं. तीन मिलिमीटर जाडीचा महागडा सूट असला, तरी सैल असेल तर त्याचे पैसे पाण्यात गेले.

म्हणून दुकानदार सांगतो, घट्टच घ्या. ते बरोबर, पण अर्धंच. छाती आणि पोट आवळलं गेलं, तर श्वास उथळ होतो. खोल पाण्यात दाबामुळे आपण घेतो ती हवाही दाट झालेली असते, ती आत-बाहेर करायला आधीच जास्त कष्ट पडतात. त्यात सुटानं बरगड्या धरल्या, तर दम लागतो, दम लागला की माणूस घाबरतो, आणि पाण्याखाली घाबरण्याइतकं वाईट काही नाही. खांदे आवळले, तर हात पाठीमागच्या टाकीपर्यंत पोचत नाही. मनगटं आवळली, तर बोटांना मुंग्या येतात.

सर्वांत जपायची जागा गळा. जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या आहेत. त्यांच्या भिंतीत रक्तदाब जोखणारी संवेदनशील जागा असते. तिथं बाहेरून दाब पडला, तर शरीराची समजूत होते की रक्तदाब वाढलाय, आणि ते हृदयाचे ठोके मंद करतं. गरगरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, क्वचित शुद्धही हरपते. तेव्हा सूट घातल्यावर गळ्याशी नुसती अडचण वाटते, की डोकं जड होतंय, हे स्वतःला विचारा. नवेपणाची अडचण पाण्यात विसरायला होते. डोकं जड होत असेल, तर तो सूट तुमचा नाही.

मात्र गळ्याचा दोष कधी कधी गळ्यात नसतो. गेल्या खेपेला मालवणला माझा भाचा बरोबर होता. पाठीची चेन लावल्याबरोबर त्यानं मान वर काढली आणि म्हणाला, "मामा, जीव गुदमरायलाय, काढू का?" मी चेनकडे हात नेला. सूट देणारा तिथला पोरगा म्हणाला, "रव जरा," आणि त्यानं चेनला हातही न लावता भाच्याच्या मांड्यांकडे पाहिलं. सुटाची काष्टा जिथं अंगाला भिडायला हवी, तिथून ती चार बोटं खाली लोंबत होती. त्यानं गुडघ्यापासून कापड चिमटीनं वर सरकवत आणलं, मग कंबर वर घेतली, मग पाठ, मग खांदे. खालचं ओझं सुटलं आणि गळा आपोआप मोकळा झाला. सूट बदलावा लागला नाही.

यातून घालायची रीतही कळते. घाईनं खांद्यावर ओढायचा नाही. आधी घोटे जागेवर, मग पोटऱ्या, गुडघे, मांड्या. काष्टा नीट भिडल्याशिवाय कंबरेच्या वर जायचं नाही. पाय सरकत नसेल, तर पावलाला प्लॅस्टिकची साधी पिशवी चढवा, पाय सुळकन आत जातो. नखं लावू नका, निओप्रीनला नखानं चंद्रकोरीसारखी चीर पडते. बोटांच्या पेरांनी धरा. नवा सूट पहिल्यांदा चढवताना घाम फुटतो, यात काही वावगं नाही. पाठीची चेन दुसऱ्यानं जराशा जोरानं लावावी. त्यासाठी गुडघा टेकवावा लागत असेल, तर माप लहान आहे.

चेन लागली, आता तपासा. पहिल्यांदा छाती भरून, पोट फुगवून सावकाश श्वास घ्या, असे चार-पाच. शेवटच्या श्वासालाही छाती पूर्ण भरली पाहिजे. मग दोन्ही हात डोक्यावर न्या, छातीवर एकमेकांत गुंफा. मग उकिडवे बसा. आपल्या माणसाला उकिडवं बसणं नवं नाही, पण सुटात बसताना खांदे खाली ओढले गेले, तर सूट उंचीला आखूड आहे. त्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या कंबरेमागे, पाठीच्या खोलगट भागात बघायला सांगा. सूट सैल असल्याची पहिली चुगली तिथंच होते. पाठ आत वळते, कापड वळत नाही, आणि मध्ये पोकळी राहते. तिथं कापडाची चिमूट सहज उचलली गेली, तर पाणी तिथंच साठणार. तीच तपासणी काखेत, मांडीच्या सांध्यात आणि स्त्रियांनी छातीच्या खाली करावी. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या सुटांची काट वेगळी असते. केवळ उंची जुळते म्हणून एकाचा दुसऱ्याला देऊ नये.

गुडघ्यामागं, कोपराच्या आत बारीक सुरकुत्या पडल्या, तर काळजी नको. कोरड्या जमिनीवर सूट जितका घट्ट वाटतो, तितका तो पाण्यात वाटत नाही. ओला झाला, की कापड मऊ पडतं, अंगाचा भार पाणी उचलतं. पण ही सवलत हातापायांना द्या. छाती आणि गळा यांच्या बाबतीत "पाण्यात गेल्यावर होईल ठीक" असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका.

खरी परीक्षा पाण्यातच होते. उतरल्या उतरल्या मानेखालून एक गार ओघळ पाठीच्या कण्यावरून खाली जातो, अंग शहारतं. तो एकदाच यावा. थोड्या वेळानं तो कुठं गेला ते आठवू नये. वळताना, हात पुढं नेताना दर वेळी नवा ओघळ येत असेल, तर सूट सैल आहे आणि पुढच्या वेळी एक माप खाली उतरा.

खोलीचाही थोडा विचार करावा लागतो. पाण्यात १० मीटर खाली गेलं, की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, २० मीटरला तिप्पट. सुटातले बुडबुडे दबतात, कापड पातळ होतं, ऊब कमी होते आणि सूट अंगाला वर उचलतो तो जोरही घटतो. मालवणजवळ पर्यटकांना उथळ पाण्यात नेतात, तिथं हा फरक फारसा जाणवत नाही. पण विजयदुर्गासमोर, किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटर आत अरबी समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. त्याचा माथाच जवळपास २० मीटर खोल. तिथं पोवळ्यांची वस्ती बघायला उतरणाऱ्याचा तीन मिलिमीटरचा सूट तळाशी तीन मिलिमीटरचा राहत नाही. आधीच सैल असलेला सूट तिथं नावापुरताच उरतो.

नवा सूट वापरानं थोडा सैलावतो, हे खरं. काही हंगामांनंतर बुडबुडे बसतात, कापड मऊ आणि पातळ होतं. म्हणून नव्या सुटाची पकड जरा ठळक असावी, पण पुढं सैल होईल या भरवशावर आज छाती आवळून घेऊ नये. वापर झाला, की गोड्या पाण्यात खळबळून जाड हँगरवर सावलीत वाळवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात टाकलात, तर रबर कडक होऊन भेगाळेल.

आता प्रश्न येतो, रेणापुरात बसून हा सूट घ्यायचा कसा? घालून बघायला दुकान नाही, मोबाइलवरच मागवावा लागतो. तर गावातल्या शिंप्याकडे जा आणि छाती, कंबर, नितंब, गळा आणि उंची यांची मापं घ्या. एक गोष्ट मात्र त्याला आधी सांगा. शिंपी सवयीनं टेप सैल धरतो, कारण सदऱ्यात वारा खेळायला हवा. इथं मापाला माप हवं, श्वास सोडून नव्हे आणि छाती फुगवूनही नव्हे. मग कंपनीच्या तक्त्यात छाती आणि उंची आधी जुळवा, वजन नंतर. दोन मापांच्या मधे अडकलात आणि छाती मोठ्या मापाकडे झुकत असेल, तर मोठं घ्या. परत करायची सोय आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा, आणि घरी कोरड्या अंगानं घालून सगळी तपासणी करा.

ज्यांना समुद्राशी देणंघेणं नाही, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. पावसाळ्यात रेणा, मांजरा, तेरणा फुगतात, तेव्हा बोटीत बसताना लाइफ जॅकेट घालावं लागतं. तेही पुष्कळ जण खांद्यावर उपरण्यासारखं नुसतं टाकतात. सगळे पट्टे लावा, मग दुसऱ्याला जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं, तर पाण्यात पडल्यावर ते कानाशी येईल आणि नाक पाण्याखाली जाईल. पट्टे आवळा, आणि आवळल्यावर एक खोल श्वास घेऊन बघा. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट कितीही आवळलं, तरी ते त्याचं होत नाही. त्याला त्याच्याच मापाचं हवं.

शेवटी एक आपल्या स्वभावाविषयी. परक्या गावात, रांगेत उभं असताना, जे हातात दिलं ते मुकाट्यानं घालायची आपली रीत आहे. मागं माणसं खोळंबलेली असतात, "एवढं काय त्यात" असं वाटतं. पण भाड्याचा सूट बदलून मागायला दोन मिनिटं लागतात, आणि तो देणाऱ्याचं ते कामच आहे. छाती पूर्ण भरत नसेल, डोकं जड होत असेल, पाठीमागं पोकळी दिसत असेल, तर सरळ सांगा: हे माप मला बसत नाही, दुसरं द्या. तिथं संकोच करू नका.