जिथं जीभ अडत नाही

अंगावरून पांढरं जातं, हे सांगताना जिथं जीभ अडत नाही, तो आपला डॉक्टर. तो पुरतं ऐकतो, विचारून तपासतो, आजार आपल्या भाषेत समजावतो. पुरुष डॉक्टर तपासताना सोबत बाई असणं हा आपला हक्क आहे.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. कॅन्सरची भीती घातली होती, असं अनेकींनी सांगितलं. म्हणून कुणी ‘पिशवी काढा’ म्हणालं आणि जिवावरचं नसेल, तर लगेच सही करू नका. रिपोर्ट मागून घ्या, जिल्हा रुग्णालयात दाखवा. दुसऱ्याला विचारलं म्हणून चिडणारा डॉक्टर बदला. एकटीला संकोच वाटला, तर गटातली मैत्रीण सोबत न्या.